कुमारवयीन मुलींची शरीरधारणा व शालेय व्यायाम

आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शाळांतून शिकणाऱ्या अनेक मुली घरची कामेही करतात. कापूस वेचताना कमरेत वाकावे लागते, वर्गात जमिनीवरील वहीवर मान झुकते. त्यातच सुमारे अकराव्या-बाराव्या वर्षी मुलींची उंची झपाट्याने वाढते. शरीरातील बदलांच्या संकोचाने कित्येक मुली खांदे पुढे ओढून, पोक काढून चालतात. हीच सवय पुढे अंगवळणी पडते. म्हणून याच वयात शारीरिक शिक्षणाच्या तासाला शरीरधारणेकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

पूर्वतपासणी : शिक्षिकेने ही तपासणी आडोशाला, एकेका मुलीची करावी. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून व तळहात जोडून मुलीस पुढे वाकण्यास सांगावे आणि मागून निरीक्षण करावे. पाठीची एक बाजू उंच दिसल्यास कणा बाजूस वळला असण्याचा संभव असतो. असा बाक वाढीच्या काळात वाढू शकतो आणि तो केवळ कवायतीने सरळ होत नाही. अशा मुलीस विनाविलंब डॉक्टरांकडे पाठवावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शालेय तपासणीच्या वेळीही ही बाब पथकाच्या निदर्शनास आणावी.

व्यायाम :

१. भिंतीशी पाठ लावून उभे राहावे. टाचा भिंतीपासून चार बोटे पुढे असाव्यात. डोके व खांदे टेकवून हात भिंतीवरून सावकाश वर-खाली सरकवावेत, १० वेळा.

२. हात व गुडघे टेकून श्वास सोडताना पाठ वर उचलावी, श्वास घेताना खाली न्यावी, ८ वेळा.

३. भुजंगासन : पालथे पडून पाठीच्या स्नायूंच्या बळाने छाती उचलावी. हातांवर भार देऊ नये. ५ सेकंद थांबावे, ५ वेळा.

४. शलभासन : पालथे पडून एकेक पाय गुडघ्यात न वाकविता उचलावा, प्रत्येकी ५ वेळा.

५. डोक्यावर वही ठेवून आखलेल्या रेषेवरून चालावे. डोक्यावरून पाण्याचा हंडा आणणाऱ्या मुलींना ही कृती सहज साधते. वर्गाला दाखविण्यासाठी त्यांनाच पुढे बोलवावे.

दक्षता : व्यायाम जेवणानंतर लगेच घेऊ नये. वेदना झाल्यास थांबावे. मासिक पाळीत व्यायाम वर्ज्य नाही. मात्र मुलीची इच्छा नसल्यास सक्ती करू नये. पोक काढणाऱ्या मुलीस सर्वांसमक्ष टोकल्यास संकोच वाढतो व खांदे अधिकच झुकतात.

या पाठास दहा-बारा मिनिटे पुरतात. परंतु तेवढ्यावर समाधान मानू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार या वयात दररोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक हालचाल व आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारे व्यायाम आवश्यक आहेत.

मूल्यमापन : सहा आठवड्यांनी भिंतीशी उभे करून प्रत्येक मुलीची पुन्हा पाहणी करावी. मुलगी सूचनेवाचून ताठ बसू लागली, म्हणजे पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.