गाडी आधीच गरम करून ठेवू नका म्हणावं!

प्रश्न : आम्ही कोलशेतला राहतो. आई शास्त्रीय गाणं शिकवते, त्यामुळे दोन तंबोरे, पेटी आणि तबला घेऊन बरेचदा कार्यक्रमांना जावं लागतं. साध्या गाडीच्या डिकीत तंबोरा मावत नाही आणि उंच एसयूव्हीत चढताना आईचे गुडघे दुखतात. म्हणून लांब डिकीची 2007 ची डिझेल इंडिगो मरिना बघतो आहोत. मालक म्हणतात, कधीही या, चालवून बघा. मी आजवर पेट्रोलचीच गाडी चालवली आहे. चालवताना काय बघायचं? आमचे मेकॅनिक काका म्हणतात, ‘डिझेल गाडी थंड असतानाच बघ.’ ते का?

– एक वाचक, कोलशेत

उत्तर : तुमच्या काकांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. आधी त्याचंच उत्तर देतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा साधारण विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. इतकी दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आला की तो आपोआप पेटतो. रिंगा झिजल्या असतील, व्हॉल्व्ह नीट बसत नसतील तर हवा निसटते, दाब कमी पडतो, उष्णता तयार होत नाही. त्यात इंजिनाचा धातू थंड असेल तर असलेली उष्णताही तो शोषून घेतो. म्हणून दुखणं लपवायला थंड इंजिनाला जमत नाही. तेच इंजिन अर्धा तास चालवून गरम केलं की बऱ्यापैकी झिजलेलंही चटकन चालू होतं.

म्हणून मालकांना आदल्या रात्रीच फोन करून सांगा, ‘सकाळी साडेसहाला येतो, आम्ही येईपर्यंत चावी लावू नका.’ पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. उबदार लागलं तर नम्रपणे दुसऱ्या दिवशीची वेळ मागा. मग चावी अर्धी फिरवा, हीटर प्लगचा पिवळा दिवा विझू द्या आणि स्टार्टर मारा. एक-दोन सेकंदांत इंजिन धरायला हवं. निफाडला जानेवारीच्या पहाटे थोडं जास्त फिरावं लागलं तर समजून घेता येतं. खाडीकाठच्या कोलशेतला तशी थंडी पडतच नाही. इथे स्टार्टर पाच-सहा सेकंद कुरकुरत राहिला तर हीटर प्लग, बॅटरी किंवा कॉम्प्रेशन, यांपैकी काहीतरी दमलेलं आहे. पहिली दोन साधी कामं. तिसरं असेल तर खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो.

चालू होताना मागे एकाला धूर बघायला उभं करा. पहिला किंचित पांढुरका भपका चालतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर नोझल किंवा कूलंटची शंका घ्या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतं आहे. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. एअर फिल्टर, नोझल किंवा टर्बोकडे बघायला लागेल. नंतर इंजिन मंद चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच टेकवून ठेवा. थोडं थरथरलं तर हरकत नाही. धुराचे भपके येऊन झाकण उडू लागलं तर मेकॅनिक ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते हेच, आणि तिथूनच परत फिरावं असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडीत बसण्याआधी विमा चालू आहे ना, हे कागदावर बघा. परक्याची गाडी चालवताना अपघात झाला तर प्रश्न तुमच्यापर्यंत येतो.

रस्त्याच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. ढोकाळीवरून कापूरबावडीला या आणि घोडबंदर रोडने निघा. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ हे तीन उड्डाणपूल आणि शेवटी गायमुखचा घाट, एवढ्यात सगळी परीक्षा होते. रविवारी पहाटेच जा. एरवी या रस्त्यावर दुसऱ्या गिअरच्या वर जायलाच मिळत नाही. उड्डाणपुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगावरून पाय दाबा. टर्बो डिझेल आधी क्षणभर सुस्त वाटतं आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखा जोर येतो. पेट्रोलची सवय असल्यामुळे ती सुस्ती तुम्हाला दोष वाटेल. तो दोष नाही. जोर आलाच नाही तर मात्र टर्बो किंवा त्याचे पाइप तपासा. आवाज चढतो पण वेग चढत नाही, असं झालं तर क्लच प्लेट संपली. गायमुखला चढताना तापमानाच्या काट्यावर आणि उतरताना ब्रेकवर लक्ष ठेवा.

आणि हे सगळं रिकाम्या गाडीत करू नका. आईंना, तंबोऱ्यांना, पेटीला बरोबर घ्या. लांब डिकीची गाडी मागे वजन घेण्यासाठीच असते. ती भरल्यावर किती बसते, स्पीडब्रेकरला खाली घासते का, हे एकट्याने चालवून कळत नाही. या गाड्यांत सामानाची जागा आणि बसायची जागा एकच असते. मागच्या दाराचं रबर कडक झालं असेल तर गाडीमागच्या कमी दाबामुळे सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. सगळ्या काचा बंद करून दहा मिनिटं चालवा आणि मागच्या सीटवरच्या माणसाला वास येतो का विचारा. गाणाऱ्या गळ्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे.

ही गाडी आपल्याच पुण्याची. टाटांनी 1992 मध्ये लांब डिकीची ‘इस्टेट’ आणली, 1948 सीसी डिझेल इंजिनाची, सिएराचं भावंड म्हणावं अशी. 1994 ला सुमो आली आणि मोठ्या कुटुंबांनी तिलाच पसंती दिली. 2004 ची मरिना हा त्यानंतरचा प्रयत्न. आपल्याकडे लांब डिकीची गाडी रुजली नाही याची मला आजही हळहळ वाटते. इतक्या खालून सामान आत सरकवता येणारी सोय उंच गाडीत मिळत नाही. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा : इंजिन आणि पुढचा भाग इंडिका-इंडिगोच्या घराण्यातला, त्या गाड्या टॅक्सी म्हणून भरपूर चालल्या, त्यामुळे ते सामान मिळतं. पण मागचं दार, त्याची काच, मागचे दिवे हे मरिनाचे स्वतःचे. तिथे तडा किंवा गंज असेल तर इंजिन कितीही छान असो, मोठी अडचण होईल.

स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सीटच्या रुळांखाली बोट फिरवा. जुलै 2019 मध्ये उल्हास नदीचं पाणी बदलापूर-कल्याणच्या कितीतरी वस्त्यांत शिरलं होतं. बारीक वाळलेला गाळ हाताला लागला तर गाडी पाण्यात होती. डिझेलच्या सिलिंडरमध्ये पाणी गेलं की ते दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉडच वाकतो.

वाटेत पंपावर पीयूसी करून घ्या, पैसे तुम्ही द्या. त्यात धुराची घनता मोजतात. बीएस-4 च्या आधीच्या, म्हणजे या गाडीसारख्या, डिझेलला 65 एचएसयूची (हे त्या घनतेचं एकक) मर्यादा आहे. आकडा मर्यादेच्या काठावर असेल तर भावात तेवढी घासाघीस करा. फक्त पीयूसी करण्याआधी टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा. या चाचणीत इंजिन जोरात फिरवतात आणि जुना बेल्ट तेव्हाच तुटू शकतो. आरसीही बघा : 2007 च्या गाडीची पंधरा वर्षं 2022 लाच संपली, म्हणजे नूतनीकरण झालेलं असलं पाहिजे आणि तेही पाचच वर्षांचं. 2027 चा खर्च तुमच्या माथी येणार, तो आत्ताच किमतीतून वजा करा. दहा वर्षांनी डिझेल बंद हा नियम दिल्ली परिसराचा आहे, आपल्याकडचा नाही.

परत आल्यावर इंजिन मिनिटभर मंद चालू ठेवा, टर्बोला थंड होऊ द्या, मग बंद करा. खाली जुना पुठ्ठा सरकवा आणि मालकांशी बोलत दहा मिनिटं थांबा. मग गरम इंजिन पुन्हा एकदा चालू करून बघा आणि पुठ्ठा बाहेर काढा. एसीच्या पाण्याचा डाग चालेल. तेलाचा असेल तर तो नेमका कुठून गळला, ते काकांना वाकून बघायला सांगा.