‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे कोठे?

शालेय भूगोलात महाराष्ट्राचा हिवाळा ‘थंड व कोरडा’ अशा दोन शब्दांत आटोपतो. आमच्या निफाड तालुक्यातील माणसाला यातील पहिला शब्द तंतोतंत पटतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील तापमापकाचा पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आमच्या तालुक्याचे नाव झळकते. दुसऱ्या शब्दाविषयी मात्र शंका घ्यावी अशी परिस्थिती आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्र झोडपून काढला. १ व २ डिसेंबर २०२१ रोजी श्रावणात पडावा तसा पाऊस पडला. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांवर गारा कोसळल्या. असा ओला हिवाळा काढायचा म्हणजे हवामानाच्या अंदाजाकडे डोळे लावून बसणे आले. तो अंदाज वाचायचा कसा, एवढ्याच प्रश्नाचा विचार मी या लेखात करणार आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे, हवामानशास्त्राचा नाही. परंतु अंदाज शेवटी शब्दांतच सांगितला जातो, आणि शब्दांचा अर्थ लावणे हे तर आपलेच काम.

प्रथम या पावसाच्या नावाविषयी. आपल्याकडे त्याला मावठा म्हणतात, अवकाळी म्हणतात. पंचांगात पावसाची नक्षत्रे मृगापासून हस्तापर्यंत नऊ. फार तर चित्रा-स्वातीपर्यंत शेतकरी वाट पाहतो. प्रत्येक नक्षत्राला बेडूक, म्हैस, हत्ती असे वाहन असते आणि त्यावरून पाऊस किती पडेल याचा आडाखा बांधला जातो. पौष-माघातील पावसाला मात्र ना नक्षत्र ना वाहन. जुन्या माणसांजवळ मृगाविषयी सांगण्यासारखे पुष्कळ असते, मावठ्याविषयी फारसे नसते, याचे हे एक कारण असावे. उलट उत्तरेत याच पावसाला ‘महावट’ म्हणतात आणि गव्हाला तो सोन्यासारखा मानतात. आमच्याकडेही गहू-हरभऱ्याला एखादी सर मानवते. पण ज्या गावाने गव्हाऐवजी द्राक्ष लावले, त्या गावाला तीच सर मारक ठरते.

हा पाऊस येतो कोठून? भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होणारे हवेचे विक्षोभ वरच्या थरातील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ किंवा पश्चिमी झंझावात म्हणतात. काश्मीर-हिमाचलात बर्फ आणि पंजाबात पाऊस पाडून ते बहुधा पूर्वेकडे निघून जातात. कधी कधी मात्र त्यांचा पट्टा दक्षिणेकडे बराच खाली उतरतो. त्याच वेळी अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून बाष्प आत येत असेल, तर वरची थंड हवा आणि खालची दमट हवा यांची गाठ महाराष्ट्रावर पडते आणि ढग उभे राहतात. डिसेंबर २०२१ मध्ये अरबी समुद्रातून आलेल्या बाष्पाने असाच घात केला. त्याच हिवाळ्यात, २३ जानेवारी २०२२ रोजी, सिंधकडून आलेल्या धुळीने मुंबईचे आकाश झाकोळून टाकले होते. हिवाळ्यातील आपले हवामान किती दुरून येते, हे त्या दिवशी अक्षरशः डोळ्यांना दिसले.

येथे थंडीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ढगाळ हवेत रात्रीचे किमान तापमान वाढते, कारण जमिनीची उष्णता ढगांमुळे आकाशात निसटत नाही. म्हणून पावसाच्या आदल्या दिवशी ‘थंडीचा जोर ओसरला’ अशी बातमी येते, आणि किमान तापमानापुरती ती खरीच असते. परंतु त्या दिवशी ऊन पडत नाही. दुपारचे कमाल तापमान एकदम खाली येते, अंगावरचे कपडे ओले असतात आणि वारा सुटलेला असतो. माणूस दिवसभर कुडकुडतो. मराठीत यासाठी ‘थंडी’हून वेगळा असा ‘गारठा’ हा नेमका शब्द आहे. वर्तमानपत्रे किमान तापमानाचा आकडा मोठ्या टाइपात छापतात, आणि गारठा त्या आकड्यात कधीच सापडत नाही. ओल्या हिवाळ्यात कमाल तापमान पाहावे.

आता अंदाजाकडे वळू. लोकांना रोज हवामान सांगण्याचा पहिला सरकारी उद्योग इंग्लंडमध्ये रॉबर्ट फिट्झरॉय या दर्यावर्दी अधिकाऱ्याने १८६१ साली केला. आपण सांगतो ते भविष्य नव्हे, निरीक्षणांवरून काढलेले मत आहे, असे त्याने निक्षून सांगितले होते. तरी लोकांनी ते भविष्यच मानले आणि चुकले की त्याची टर उडविली. भारतात हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे मुख्यालय कलकत्त्याहून सिमल्याला गेले आणि १९२८ साली पुण्यात आले. पुढे ते दिल्लीला हलले, पण शिवाजीनगरची ती इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते. मराठी भाषेने मात्र या बाबतीत शहाणपणा दाखविला आहे. आपण ‘हवामानाचे भाकीत’ क्वचित म्हणतो, ‘हवामानाचा अंदाज’ म्हणतो. अंदाज हा हिशेबाचा शब्द आहे; अंदाजपत्रकात तो आहेच. दुर्दैव असे की शब्द हिशेबाचा वापरायचा आणि अपेक्षा भाकिताची ठेवायची, ही आपली रीत.

खात्याच्या पत्रकातील वाक्य साधारण असे असते : ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता.’ वाक्य साधे दिसते, पण त्यातील प्रत्येक शब्दाला ठरलेला अर्थ आहे. ‘मध्य महाराष्ट्र’ म्हणजे नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंतचा प्रदेश. खात्याने महाराष्ट्राचे कोकण (गोव्यासह), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा व विदर्भ असे चार विभाग पाडले आहेत, त्यांतला हा एक. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५, आणि त्याच्या वर ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे ‘तुरळक’ म्हटले असता चारांपैकी तीन गावे कोरडी राहिली, तर अंदाज चुकला असे होत नाही. तो बरोबर आला असे होते. कोरड्या राहिलेल्या तीन गावांतील पारावर मात्र त्याच संध्याकाळी खात्याचा उद्धार होतो.

‘शक्यता’ या शब्दाची गोष्ट तर याहून मौजेची. आपण बोलताना ‘पाहुणे येण्याची शक्यता आहे’ असे म्हणतो तेव्हा ते बहुधा येणारच असतात. खात्याच्या परिभाषेत मात्र नुसती ‘शक्यता’ म्हणजे २५ ते ५० टक्के. निम्म्याहून अधिक संभव असेल तर त्याच्यापुढे जोर देणारे विशेषण येते. आता ढोबळ हिशेब करून पाहू. शक्यता फार तर निम्मी, आणि झालाच तर फार तर पाव भागात पाऊस. सर्व गावे सारखीच धरली, तर माझ्या गावावर तो पडण्याचा संभव अर्ध्याचा पाव, म्हणजे आठात एक. (एखाद्या शास्त्राच्या प्राध्यापकांना हा गुणाकार फार भाबडा वाटेल. त्यांनी तो जरूर सुधारावा. अंगणात बसून निर्णय घेणाऱ्याला एवढा पुरतो.)

आठात एक हे कळल्यावर बागाईतदाराने काय करावे? ‘सात वेळा पडणारच नाही, मग कशाला धावपळ?’ असे एकजण म्हणतो. ‘मोबाईलवर ढगाचे चित्र आले, फवारा काढा,’ असे दुसरा म्हणतो. दोघेही अर्धाच हिशेब करतात. समजा, एकरी एका फवारणीला २ हजार रुपये लागतात आणि न फवारता पाऊस आला तर डाऊनी रोगाने ५० हजारांचे नुकसान होते. आठही वेळा फवारले तर खर्च १६ हजार. एकदाही न फवारता एकदा सापडलो तर ५० हजार गेले. म्हणून फवारावे, आणि सात वेळा पाऊस आला नाही म्हणून हळहळू नये. आता दुसरा प्रसंग. मण्यात पाणी उतरले आहे, गोडी अजून भरायची आहे. पाऊस आला तर मणी तडकतील म्हणून व्यापाऱ्याला बोलावून माल आजच कापून द्यावा काय? आंबट मालाला समजा एकतृतीयांश भाव कमी मिळेल. निश्चित जाणारा तिसरा हिस्सा आणि आठात एक वेळा जाणारे सर्वस्व यांत पहिला तोटा मोठा आहे. म्हणून थांबावे. खळ्यावर कांद्याचा ढीग असेल तर प्रश्नच नाही. ताडपत्री टाकायला काय लागते? एकच अंदाज, एकाच दिवशी, एकाच घरात तीन निरनिराळी उत्तरे देतो. अंदाज खरा की खोटा हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. सावध राहण्याला खर्च किती आणि न राहण्याचा तोटा किती, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. ते पुण्या-दिल्लीच्या कचेरीला ठाऊक असणे शक्य नाही.

हे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत. प्रत्यक्षात फवारणी इतकी निरुपद्रवी नसते. काढणीच्या जवळ औषध मारले तर त्याचा अंश मण्यात राहतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडला म्हणून युरोपने भारतीय द्राक्षे अडविली होती, ती आठवण आमच्या भागात अजून ताजी आहे. फुलोऱ्यातल्या बागेत पाऊस म्हणजे गळ, आणि तिला कोणतीही फवारणी पुरी पडत नाही. शिवाय पानावर नुसते औषध असून भागत नाही. जोराच्या सरीने ते धुऊन जाते. म्हणूनच पाऊस थांबला की ट्रॅक्टरचा ब्लोअर औषधाशिवाय बागेतून फिरवतात, पाने झटकतात. रोगाला पावसाच्या मिलिमीटरशी फारसे देणेघेणे नसते; पान किती तास ओले राहिले याच्याशी असते. दोन मिलिमीटर पाऊस पडून तीन दिवस ढग राहिले, तर ते वीस मिलिमीटर पडून लख्ख ऊन पडण्यापेक्षा वाईट. आमचे चुलते मोबाईलवरचा अंदाज मला वाचायला लावतात आणि शेवटी एकच विचारतात, “ते राहू दे रे, ऊन कधी पडंल ते सांग.” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. शेतकऱ्याच्या सर्व प्रश्नांत तो अधिक शास्त्रीय आहे.

मोबाईलचे नाव निघाले म्हणून थोडे सांगतो. हवामान व कृषी खात्यांनी मिळून २०१९ साली ‘मेघदूत’ नावाचे अॅप काढले. कालिदासाचा मेघ निरोप घेऊन जात होता. येथे मेघाचाच निरोप येतो. त्यावर मंगळवारी व शुक्रवारी पिकांसाठी सल्ला मिळतो. याखेरीज परदेशी कंपन्यांची अॅप्स आहेत. त्यांत गावाचे नाव टाकले की ‘दुपारी ३ वाजता ४० टक्के’ असे उत्तर येते. गावाचे नाव आले म्हणजे अंदाज गावापुरता झाला, असे समजू नये. गणकयंत्र पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करते. मे २०२५ मध्ये आपल्या देशात सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’मधील चौकोन ६ किलोमीटरचा आहे, आणि तो जगातील उत्तम चौकोनांत गणला जातो. तरी सहा गुणिले सहा म्हणजे ३६ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे ९ हजार एकर. गारांचा पट्टा कधी कधी एका बांधावर सुरू होतो आणि शिवारातच संपतो. विक्षोभ येतो आहे हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळते. तो कोणाच्या बागेवर रिकामा होणार हे तासभर आधीही कळेलच असे नाही. म्हणून मी स्वतः चार दिवस आधीच्या अंदाजावर कामांची आखणी करावी, आणि शेवटच्या दिवशी रडारच्या चित्राकडे व पश्चिमेच्या क्षितिजाकडे पाहावे, या मताचा आहे.

येथवरचा सारा हिशेब, हाताशी काही उपाय असलेल्या माणसाचा झाला. डिसेंबर २०२१ मधील त्या दोन दिवसांचा इशारा खात्याने आधी दिला होता. ज्यांच्याकडे ब्लोअर होता, ताडपत्री होती, औषधाला पैसे होते, त्यांनी तो वापरला. त्याच दोन दिवसांत जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि पारनेर या भागांत शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. पावसाळा सरला की धनगरांचे वाडे चराईला निघतात. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. रात्रीचा मुक्काम उघड्यावर, भोवती फार तर जाळीचे कुंपण. लोकर कोरडी असेल तर मेंढी निफाडची थंडीही सहज काढते. तीच लोकर भिजून जड झाली, वर वारा सुटला आणि दिवसभर ऊन पडले नाही, की अंगातली ऊब टिकत नाही. कोकरे आधी जातात. आपल्या हिशेबात मांडले तर येथे सावधगिरीचा खर्च दोनशे मेंढ्यांना पुरेल एवढे छप्पर, आणि तेही रोज नव्या गावच्या रानात. इशारा मोबाईलवर आला असेल, वाचलाही असेल. त्या रात्री मेंढ्या घेऊन कोठे जायचे, हे त्यात लिहिलेले नव्हते. नंतर पंचनामे झाले, भरपाईच्या घोषणा झाल्या. वाटेवरच्या गावांतील शाळांचे वऱ्हांडे, बाजार समितीचे ओटे, मंगल कार्यालये अशा दोन रात्रींपुरती वाड्यांना उघडून देता येतील काय, हे अंदाज आल्यापासून पाऊस पडेपर्यंतच्या तीन-चार दिवसांत तलाठी आणि सरपंच यांना ठरविता येण्याजोगे आहे. आमच्या परिसरात तरी अशी यादी कोणी केलेली मला आढळली नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील हिवाळी शिबिरात आपल्या महाविद्यालयाने ती करावी, असे मी आमच्या भूगोलाच्या सरांना सुचविले आहे.