आम्ही नागपूरचे, आम्हाला काय ऊन!

इंग्लंडात पारा तिशी ओलांडतो तेव्हा आमच्या मराठी मित्रमंडळींत गप्पांचा विषय शोधावा लागत नाही. कोणत्या दुकानात टेबल फॅन शिल्लक आहेत, कोणाची गाडी रद्द झाली, वरच्या मजल्यावर झोप लागते का, बागेला नळीने पाणी घालायला बंदी येणार का. शनिवारी कोणाच्या तरी घरामागे बार्बेक्यू पेटलेला असतो, रात्रीचे नऊ वाजले तरी ऊन हटत नाही, आणि एक जण हमखास म्हणतो, "बत्तीस-चौतीस म्हणजे काय हो! आम्ही नागपूरचे. पंचेचाळिसात क्रिकेट खेळलोय." सगळे हसतात. मंडळींत मी एकटीच डॉक्टर, त्यामुळे माझ्याकडे बघून जरा जास्तच हसतात.

आजचा सल्ला त्या बढाईबद्दल आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्यांसाठी, आणि उन्हाळ्यात लेकीकडे किंवा मुलाकडे इथे येणाऱ्या आईवडिलांसाठीही.

उन्हाची सवय शरीराला होते, हे खरं. रोज उष्ण हवेत वावरलं की आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो आणि त्याच कामासाठी हृदयाला कमी धडधडावं लागतं. पण ही सवय ठेवीसारखी साठून राहत नाही. उष्णता थांबली की काही आठवड्यांत ती ओसरते. वीस वर्षं स्लाउ किंवा मिल्टन कीन्समध्ये राहिलेल्या माणसाचं शरीर उन्हाच्या बाबतीत शेजारच्या इंग्रजाइतकंच कच्चं असतं. नागपूर फक्त आठवणीत असतं. जुलैत पुण्याहून येणारे आजी-आजोबाही महिनाभर पावसाळी गारव्यात राहून आलेले असतात. त्यातून साठीनंतर घामाच्या ग्रंथी मंदावतात आणि तहानेची जाणीव बोथट होते. "मला तहानच लागत नाही" असं आजी अभिमानाने सांगतात तेव्हा मला काळजी वाटते.

आता आकडे बघा. भारतीय हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांच्या आत उष्णतेची लाट जाहीरच करत नाही. ब्रिटनचं हवामान खातं मात्र लंडन आणि आसपासच्या परगण्यांत सलग तीन दिवस २८ अंश झाले, आणि उत्तरेला व पश्चिमेला तर २५ अंश झाले, तरी तिला लाट म्हणतं. यावर आमच्याकडे पोटभर विनोद होतात. पण २०२२च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये उष्णतेच्या पाच लाटा आल्या, आणि त्या दिवसांत ६५ वर्षांवरच्या लोकांमध्ये नेहमीपेक्षा सुमारे २,८०० मृत्यू जास्त झाले. हा अंदाज सरकारी आरोग्य यंत्रणेचा आहे आणि त्यात कोविडचे मृत्यू धरलेले नाहीत. त्याच वर्षी १९ जुलैला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबी इथे ४०.३ अंशांची नोंद झाली. ब्रिटनने चाळिशी ओलांडल्याची ती पहिलीच वेळ. अशा लाटांत दगावणारे बहुतेक जण भर रस्त्यात ऊन लागून कोसळत नाहीत. त्यांतले बरेच जण आपल्याच घरात, हृदयविकाराने किंवा श्वसनाच्या आजाराने जातात. त्वचेकडे जास्त रक्त ढकलून शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला रात्रंदिवस जादा काम करावं लागतं, आणि आधीच दमलेल्या हृदयाला ते झेपत नाही.

घरात का, हे इथलं घर पाहिलं की कळतं. ही घरं हिवाळ्यासाठी बांधलेली. विटांच्या जाड भिंती, माळ्यावर लोकरीसारखे थर, दुहेरी काचा, कधी दुपारभर ऊन घेणारं काचेचं सनरूम. छताला पंखा नाही, एसी फारच थोड्या घरांत. आत शिरलेली उष्णता बाहेर पडायला वाटच नसते. जूनअखेरीस लंडनमध्ये सूर्य पावणेपाचला उगवतो आणि रात्री सव्वानऊनंतर मावळतो, म्हणजे भिंती सोळा तासांहून अधिक तापत राहतात आणि निवायला रात्र पुरत नाही. लागोपाठ तीन-चार रात्री झोपेतही शरीर थंड झालं नाही, की वयस्कर माणसाची खरी पडझड सुरू होते.

यावरचा उपाय विदर्भातल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे, इथे आल्यावर तेवढा सगळे विसरतात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम व्हायच्या आत, खिडक्या बंद करा आणि पडदे ओढून घ्या. दक्षिण आणि पश्चिमेकडच्या तर नक्कीच. "हवा येऊ दे" म्हणून भर दुपारी सगळी तावदानं उघडून बसायची इथली पद्धत आहे. त्याने घरात येते ती गरम हवा. संध्याकाळी बाहेर गार झालं की वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या खिडक्या एकदम उघडा, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. वयस्कर पाहुण्यांची गादी लाटेपुरती तळमजल्यावर आणा. बेडरूम आम्ही मुद्दाम त्यांच्यासाठी सजवलीय, हे कारण मी बरेचदा ऐकते. सजावट चार दिवस थांबू शकते.

पंख्याबद्दल दरवर्षी विचारतात. खोलीत ३५ अंशांपर्यंत पंखा उपयोगी आहे. त्यापलीकडे तो गरम हवाच अंगावर मारतो आणि शरीरातलं पाणी आणखी उडवतो. हात, मान, पाय ओल्या फडक्याने पुसून पंख्यासमोर बसलं तर फरक चटकन जाणवतो. तान्ह्या बाळाच्या खोलीचं तापमान इथे १६ ते २० अंश असावं असं सांगतात. लाटेत ते जमणं कठीण, तेव्हा बाळाला फक्त लंगोटात ठेवा, वर पांघरूण नको. आणि बाबागाडीवर मलमलचं फडकं टाकून सावली करू नका. आत हवा खेळत नाही आणि भट्टी तयार होते. छत्री लावा.

पिण्याबाबत आमच्या मंडळींत दोन तट आहेत, पन्ह्याचा आणि बिअरचा. बिअरने लघवी वाढते आणि ऊन चढल्याचं कळत नाही, एवढं सांगून मी पन्ह्याकडे वळते. पन्हं, कोकम सरबत, मीठ-जिरं घातलेलं ताक ही घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढणारी चांगली पेयं आहेत. पण मधुमेह्याने गूळ-साखरेचं पन्हं दिवसातून चार पेले रिचवलं तर साखर चढणारच, आणि रक्तदाब असलेल्याने प्रत्येक ताकात चमचाभर मीठ घालायची गरज नाही. साधं पाणी, थोडं थोडं, दिवसभर. लघवी फिकट पिवळी असली की पुरेसं झालं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचं प्रमाण बांधून दिलेलं असेल तर ते आपल्या मनाने वाढवू नका. लाट येण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवा. बऱ्याच आज्या बाहेर जाताना पाणी टाळतात, कारण बाथरूमची पंचाईत. त्यांना आधीच सांगा की वाटेत कुठे सोय आहे. आषाढी एकादशी बरेचदा याच उष्ण दिवसांत येते. उपवास जरूर करा, निर्जळी करू नका. आणि खिशातल्या कांद्याने लू लागत नाही याला कसलाही पुरावा नाही. कांदा खा, मग बाहेर जाताना टोपी घाला.

औषधांचा भाग जरा सविस्तर सांगते, कारण गप्पांमध्ये हा विषय कधीच निघत नाही. भारतातून येणाऱ्या आईवडिलांच्या पिशवीत रक्तदाबाची जोडगोळी हमखास असते, म्हणजे टेल्मिसार्टनबरोबर क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड. यातलं दुसरं औषध लघवी वाढवतं. घामाने पाणी जातंच आहे, त्यात ही भर पडली की रक्तदाब खाली येतो, आणि पहाटे बाथरूमला उठलेले आजोबा चक्कर येऊन पडतात. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर धोका आणखी वाढतो. पाणी कमी झालेल्या शरीरात मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि गुडघेदुखीसाठी बिनदिक्कत घेतलेलं आयब्युप्रोफेन मूत्रपिंडाला किंवा एकूण प्रकृतीला जड जाऊ शकतं. पराग-ज्वरासाठी, म्हणजे इथल्या हे फीवरसाठी, दुकानातून आणलेली क्लोरफेनामाइनसारखी झोप आणणारी जुनी गोळी, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, अमिट्रिप्टिलीन, ही सगळी घाम कमी करतात. इन्सुलिन उष्ण हवेत रक्तात लवकर भिनतं, त्यामुळे साखर अचानक उतरू शकते. गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेलं पेन मात्र निकामी झालेलं असू शकतं.

हे वाचून कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. नुसतं उकडतंय हे गोळी थांबवण्याचं कारण नाही. पण जुलाब, उलट्या सुरू झाल्या, खाणंपिणं तुटलं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी विचारा. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट अपॉइंटमेंटशिवाय बोलतो आणि या बाबतीत उत्तम सल्ला देतो.

तरुणांसाठी दोन गोष्टी. लंडनच्या भुयारी रेल्वेत सेंट्रल आणि बेकरलू लाइनवर एसी नाही. डिस्ट्रिक्ट, मेट्रोपॉलिटन किंवा एलिझाबेथ लाइनने वळसा पडला तरी लाटेच्या दिवशी तोच मार्ग घ्या, विशेषतः गरोदर असाल तर. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. बाहेर ३२ अंश असले तरी इथल्या तळ्यांचं आणि समुद्राचं पाणी बरेचदा १५ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असतं. आपण विहिरीत, नदीत पोहायला शिकलेली माणसं, त्यामुळे उडी मारायची खुमखुमी असते. गार पाण्यात शरीर पडताच धाप लागते, श्वासावरचा ताबा सुटतो आणि पट्टीचा पोहणाराही पाणी गिळतो. असं झालंच तर हातपाय मारू नका. पाठीवर तरंगा, श्वास ताळ्यावर येऊ द्या, मगच पोहा किंवा हाक मारा.

आता ऊन बाधल्याची लक्षणं. डोकं दुखणं, मळमळ, खूप घाम, पोटऱ्यांत गोळे, गळून जाणं. अशा माणसाला गार जागी आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, जादा कपडे काढा, अंग ओलं करून वारा घाला, घोट घोट पाणी किंवा क्षार-संजीवनी द्या. तयार पुडी नसली तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अर्ध्या तासात माणूस सावरायला हवा. सावरला नाही, अंग तापलेलंच राहिलं, बोलणं असंबद्ध झालं, झटका आला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. लगेच ९९९ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणं थांबवू नका. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल इथे काहीही करत नाही, कारण हा संसर्गाचा ताप नव्हे. वयस्कर माणूस अचानक गप्प झाला, दुपारीच गुंगीत गेला किंवा नातवाचं नाव चुकू लागला, तर "दमले असतील, झोपू दे" म्हणून दार ओढून घेऊ नका.

पाहुणे आलेल्या आईवडिलांना दवाखान्यात न्यायला मुलं कचरतात ती खर्चाच्या भीतीने. जी.पी.ची तपासणी, १११ क्रमांकावरचा सल्ला आणि अपघात विभागातले तातडीचे उपचार पाहुण्यांनाही मोफत आहेत. बिल येतं ते वॉर्डात दाखल केल्यावर, आणि ते मोठं असतं. म्हणून तिकीट काढतानाच प्रवास विमा घ्या आणि फॉर्ममध्ये जुना रक्तदाब, मधुमेह, बायपास सगळं खरं लिहा; लपवलेल्या आजारावर कंपनी पैसे देत नाही. सर्व गोळ्यांची मूळ नावं आणि मात्रा एका कागदावर लिहून पासपोर्टबरोबर ठेवा, कारण भारतातली ब्रँडची नावं इथल्या डॉक्टरांना कळत नाहीत. आणि लाटेचा पिवळा किंवा अंबर इशारा आला की आईवडिलांबरोबरच शेजारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचंही दार दिवसातून दोनदा वाजवा.