मिठाचे मैदान

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या कुशीत बोलिव्हिया नावाचा देश वसलेला आहे. त्याच्या नैर्ऋत्य भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर, एक शुभ्र मैदान पसरले आहे. दुरून पाहणाऱ्यास तेथे बर्फ पडला आहे असे वाटते. परंतु तो बर्फ नसून मीठ आहे! ‘सालार दे उयुनी’ हे त्या मैदानाचे नाव. त्याचा विस्तार दहा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक असून मिठाचे इतके मोठे मैदान जगात दुसरे नाही.

समुद्रापासून इतक्या उंच जागी हे मीठ आले तरी कोठून? अँडीजच्या दोन रांगांमधील ही भूमी परातीसारखी आहे. डोंगरांवरून येणारे पाणी खडकांतील क्षार आपल्याबरोबर आणते. पण त्याला समुद्राकडे जाण्यास वाट नाही. प्राचीन काळी येथे विस्तीर्ण सरोवरे होती. हवामान कोरडे झाले तसे पाणी आटले आणि क्षार मागे राहिले. आपल्या कोकणातील मिठागरांत समुद्राचे पाणी अडवून उन्हात आटवितात. येथे तेच काम निसर्गाने केले. मैदानाच्या मध्यभागी इन्कावासी नावाचे खडकाळ बेट आहे. त्यावर पुरुषाहून कितीतरी उंच निवडुंग उभे आहेत. तेथील खडकांवर जुन्या सरोवरातील शेवाळांनी रचलेले चुन्याचे थर अजूनही दिसतात. आटलेल्या सरोवराची ही साक्षच होय.

डिसेंबरपासून मार्चपर्यंत तेथे पावसाळा असतो. तेव्हा मिठावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि सारे मैदान आरसा बनते. वर आकाश, खालीही आकाश! हेच पाणी मिठाचे उंचवटे विरघळविते व खळगे भरून काढते. म्हणूनच पन्नास किलोमीटरांच्या अंतरातही येथील उंचसखलपणा एक मीटरहून कमी आहे. कृत्रिम उपग्रहांवरील उंची मोजणारी यंत्रे अचूक आहेत की नाहीत, हे शास्त्रज्ञ या मैदानावरून ताडून पाहतात. पाणी सुकले की मिठावर बहुकोनी आकृतींची जाळी उमटते.

मैदानाच्या काठी कोल्चानी हे गाव आहे. तेथील लोक मीठ खरवडून त्याचे लहान ढीग रचतात, म्हणजे त्यातील पाणी निथळून जाते. मिठावरून परावर्तित होणारे ऊन फार प्रखर असल्याने त्यांना डोळे व चेहरा झाकून काम करावे लागते. पूर्वी हे मीठ लामा नावाच्या प्राण्यांच्या पाठीवर लादून दूरच्या खोऱ्यांत नेत आणि त्याच्या बदल्यात मका आणीत.

मिठाच्या थराखालील खाऱ्या पाण्यात लिथियम या धातूचा प्रचंड साठा आहे. मोबाईल फोन व विजेवर चालणाऱ्या मोटारी यांच्या बॅटऱ्यांसाठी तो लागतो. परंतु तो काढावयाचा तर पाणी खर्ची पडते, आणि काठच्या शेतकऱ्यांना व लामा पाळणाऱ्यांना पाणी आधीच अपुरे आहे. देशाला धन हवे, गावांना पाणी हवे. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा तेथील जनतेपुढील प्रश्न आहे. मैदान घडण्यास हजारो वर्षे लागली. त्याचा उपयोग करताना घाई करून चालणार नाही.

स्वाध्याय
१. सालार दे उयुनी येथे मीठ कसे साचले?
२. हे मैदान इतके सपाट का राहते?
३. लिथियम काढण्याविषयी तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.