शीर एक नाही, दोन आहेत

चकलांब्याच्या पारावर कुणी म्हणतं, "माझी शीर आखडली." दवाखान्यात सुई टोचताना म्हणतात, "शीर सापडत नाही." नाव एकच, पण वस्तू दोन. त्या आज आपण ओळखून घेऊ.

पहिली रक्तवाहिनी. ती पोकळ नळी आहे. तिच्यातून रक्त वाहतं. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला बोटं ठेवा. ठोके लागतात ना? ती रक्तवाहिनी.

दुसरा मज्जातंतू. तो दोरीसारखा असतो. त्यातून रक्त जात नाही, निरोप जातो. कोपराला आतल्या बाजूनं फटका बसला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. तिथं मज्जातंतूला मार लागलेला असतो.

हातापायांत ही दोन्ही बहुधा शेजारी शेजारी असतात, आणि शेजारधर्मही पाळतात. मज्जातंतूला जगायला रक्त लागतं. ते बारीक रक्तवाहिन्या पुरवतात. उलट, रक्तवाहिनीनं केव्हा आकसावं, हे मज्जातंतू सांगतो. थंडीत बोटं पांढरी पडतात, ती यामुळंच. १८५१ साली फ्रान्समध्ये क्लॉद बर्नार यांनी सशाच्या मानेतला एक मज्जातंतू कापला. त्या बाजूचा कान गरम झाला. निरोप तुटला, वाहिन्या सैल झाल्या, रक्त जास्त आलं.

आता मधुमेहाचं बघू. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली, की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. मज्जातंतू उपाशी पडतात. पाय बधिर होतो.

आपल्या बीड जिल्ह्यातून दरसाल हजारो माणसं ऊसतोडीला जातात. फडात पायात धसकट घुसतं. चांगला पाय लगेच ओरडतो. बधिर पाय गप्प राहतो. माणूस त्याच पायानं मोळ्या वाहतो. रक्त कमी पोचतं, म्हणून जखम भरत नाही; चिघळते. कधी कधी पाय कापावा लागतो. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं समजू नका.

मग काय करावं? रोज रात्री पाय धुऊन तळवे उजेडात बघा. अनवाणी फिरू नका. तंबाखू, बिडी सोडा. त्यांनी रक्तवाहिन्या आकसतात. पायाला सारख्या मुंग्या येत असतील तर साखर तपासून घ्या.

आणखी एक. साप चावला तर दोरी करकचून बांधू नका. रक्तही अडतं, मज्जातंतूही दबतो. चावलेला हात-पाय हलू न देता माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्या.

सांगा पाहू : बधिर पायाची जखम लवकर का कळत नाही? ती लवकर का भरत नाही?