गाडीचा पिवळा दिवा आणि वाट देणे

वर्गातून बाहेर जायचे असले की आपण आधी बोट वर करतो. बाई 'जा' म्हणाल्या की मग उठतो. गाडीला बोट नसते, म्हणून तिला पिवळा दिवा दिला आहे. त्याला इंडिकेटर म्हणतात. आपल्याकडे मोठी माणसे म्हणतात, "त्याने साइड दिली."

पण बोट वर केले म्हणजे लगेच परवानगी मिळाली असे होत नाही. तसेच दिवा लावला म्हणजे रस्ता आपला झाला असेही नाही. दिवा लावणे म्हणजे विचारणे. वाट मोकळी आहे का ते बघणे, नसेल तर थांबणे, हे दुसरे काम. पुष्कळ लोक पहिले काम करतात नि दुसरे विसरतात. काही जण तर दोन्ही विसरतात. माझा काका टेम्पो चालवतो. त्याच्याकडून आणि बाईंकडून मिळालेली माहिती मी इथे लिहीत आहे.

लेन म्हणजे काय?

आपल्या भाताच्या खाचरांमध्ये बांध असतो. तशी रस्त्यावर पांढरी रेषा असते. दोन रेषांच्या मधल्या पट्टीला लेन म्हणतात. रेषा तुटक असेल तर वाट मोकळी बघून ओलांडता येते. रेषा सलग असेल तर ओलांडायची नाही. वळणावर सलग रेषा असते, कारण तिथे समोरची गाडी दिसत नाही.

आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. त्याला यशवंतराव चव्हाण यांचे नाव दिले आहे. तो सुमारे ९५ किलोमीटर लांब आहे आणि २००२ साली पूर्ण सुरू झाला. तिथे जायला तीन लेन आणि यायला तीन लेन आहेत. डावी लेन ट्रकसारख्या जड गाड्यांची. मधली लेन मोटारींची. उजवी लेन फक्त पुढे जाण्यासाठी. पुढे गेलो की परत मधल्या लेनमध्ये यायचे, उजवीकडे ठाण मांडून बसायचे नाही. मोटारसायकल, रिक्षा, बैलगाडी आणि पायी माणसे यांना त्या रस्त्यावर बंदी आहे.

आपला रस्ता तसा नाही. कर्जतहून नेरळकडे जाताना एकाच रस्त्यावर एसटी, डंपर, रिक्षा, सायकल, म्हशी आणि आपण शाळेची मुले असतो. म्हणून इथे सांगून वळण्याची गरज जास्तच आहे.

दिवा कसा असावा?

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हे लिहिले आहे. दिव्याचा रंग नारिंगी-पिवळा असावा. तो पुढून आणि मागून दिसावा. एका मिनिटात ६० पेक्षा कमी आणि १२० पेक्षा जास्त वेळा लुकलुकू नये. मी आणि माझ्या मैत्रिणीने काकाच्या टेम्पोचा दिवा घड्याळ लावून मोजला. तो एका मिनिटात ८६ वेळा लागला. म्हणजे बरोबर आहे. पुष्कळ गाड्यांमध्ये एक बल्ब गेला तर त्या बाजूचे दिवे भराभर लुकलुकतात. तसे झाले की चालवणाऱ्याने खाली उतरून बल्ब बघावा.

दिवा नसेल तर हात

दिवा बिघडला तर हाताने खुणा करतात. त्या उजव्या हाताने करायच्या असतात.

१. उजवीकडे वळायचे : हात बाहेर सरळ आडवा धरायचा, तळवा पुढे.
२. डावीकडे वळायचे : हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्यांच्या उलट गोल फिरवायचा.
३. वेग कमी करायचा : तळवा खाली करून हात वर-खाली हलवायचा.
४. थांबायचे : कोपरापासून हात उभा वर करायचा.
५. मागच्याला पुढे जाऊ द्यायचे : आडवा हात मागून पुढे हलवायचा.

सायकलला दिवा नसतो. म्हणून आपण मुलांनी पहिल्या दोन खुणा तरी शिकाव्यात.

लेन बदलण्याच्या पाच पायऱ्या

पहिली, आरशात बघा. दुसरी, दिवा लावा. तिसरी, मान वळवून बघा. आरशात सगळे दिसत नाही. गाडीच्या अगदी बाजूला एखादा मोटारसायकलवाला असला तर तो आरशातून निसटतो. चौथी, वाट असेल तर हळूहळू सरका, एकदम कट मारू नका. पाचवी, दिवा बंद करा.

पाचवी पायरी सोपी वाटते, पण तीच राहून जाते. मोटारीचे चाक पुरते वळवले की दिवा आपोआप बंद होतो. लेन बदलताना चाक थोडेसेच वळते, म्हणून दिवा तसाच राहू शकतो. बहुतेक मोटारसायकलींचा दिवा तर हाताने बंद करावा लागतो. चालू राहिलेला दिवा खोटे बोलतो. फाट्यावर उभ्या माणसाला वाटते ही गाडी वळणार, आणि ती सरळ येते.

थोडे गणित

दिवा किती आधी लावायचा? ताशी ३६ किलोमीटर म्हणजे ३६०० सेकंदांत ३६००० मीटर. भागाकार केला तर एका सेकंदात १० मीटर. ताशी ७२ किलोमीटर असेल तर एका सेकंदात २० मीटर. आता "एक, दोन, तीन" म्हणा. तेवढ्यात ती गाडी ६० मीटर पुढे गेली! मागच्या माणसाला दिवा दिसायला, समजायला आणि ब्रेक दाबायला वेळ लागतो. म्हणून वळता वळता लावलेला दिवा कामाचा नाही. काका म्हणतो, "दिवा वळण्याआधी लावायचा. वळल्यावर लावला तर ती बातमी झाली."

कोणी कोणाला वाट द्यायची?

• लेन बदलणाऱ्याने त्या लेनमध्ये आधीपासून असलेल्या गाडीला वाट द्यायची.
• लहान रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर येणाऱ्याने मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या आधी जाऊ द्यायच्या.
• अरुंद घाटरस्त्यात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. कारण भरलेली गाडी चढावर थांबली तर पुन्हा निघायला जड जाते, मागेही घसरते.
• मागचा पुढे जात असेल तर आपला वेग वाढवायचा नाही.
• रुग्णवाहिका आणि आगीचा बंब यांना सगळ्यांनी वाट द्यायची.

वाट दिली म्हणून कोणी लहान होत नाही. एसटीत आपण आजीला जागा देतो, तसेच हे.

काही वाईट सवयी

काही ट्रकवाले मागच्याला "पुढे जा" सांगायला उजवा दिवा लावतात. पण उजवा दिवा म्हणजे "मी उजवीकडे वळतो" असा खरा अर्थ आहे. एकाच दिव्याचे दोन अर्थ झाले तर मागच्याने कोणता धरायचा? अशा वेळी थांबणेच बरे.

दुसरी सवय बोरघाटात दिसते. पावसाळ्यात धुके आले की काही जण चारही दिवे लुकलुकत ठेवून गाडी चालवतात. मग डावीकडे वळणार की उजवीकडे, ते मागच्याला कळत नाही. चारही दिवे बंद पडून उभ्या असलेल्या गाडीसाठी असतात. धुक्यात वेग कमी करावा आणि हेडलाइट खाली पाडून लावावा.

तिसरी गोष्ट आपल्या घरची. मागच्या दिवाळीनंतर आपल्या रस्त्यावर दूध घालणाऱ्या एका काकांचा पाय मोडला. पुढे पेंढ्याने भरलेली ट्रॉली होती. पेंढा मागच्या दिव्यांवर लोंबत होता. ट्रॉली उजवीकडे शेतात वळली आणि मोटारसायकल तिच्यावर गेली. काका दोन महिने खाटेवर होते. दुधाच्या किटल्या त्यांची मुलगी पायी पोचवत होती. ती सातवीत आहे. तेवढे दिवस तिची शाळा बुडाली. ट्रॉलीवाला म्हणत होता की त्याने दिवा लावला होता. लावला असेलही. पण जो दिसत नाही तो दिवा लावला काय नि न लावला काय!

आलेल्या पालकांना विनंती

आई-बाबा, काका, मामा, तुम्ही शाळेत आलात तर हे वाचाच. घरी गेल्यावर गाडीचे चारही पिवळे दिवे लावून बघा. चिखल पुसा. ट्रॉली भरल्यावर मागे जाऊन उभे राहा आणि दिवा दिसतो का ते बघा. ट्रॉलीला दिवाच नसेल तर बसवून घ्या. बल्बचा खर्च दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.

मुलांनो, तुमचे काम असे : बाबा गाडी सुरू करताना तुम्ही मागे उभे राहून "डावा लागला, उजवा लागला" असे ओरडून सांगा. आणि गाडी वळली की आठवण करा, "दिवा बंद केला का?"

सांगा पाहू!

१. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत किती मीटर जाते?
२. सायकलवरून डावीकडे वळायचे आहे. कोणता हात, कसा?
३. तुमच्या घरच्या गाडीचा दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो? मोजून आणा.

उत्तरे कागदावर लिहून बाईंकडे द्या. बरोबर उत्तरे पुढच्या शनिवारी फलकावर लावू.

– इयत्ता चौथी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, भिवपुरी