लाल टिकली, निळी टिकली

सकाळचे साडेसहा. गॅसवर पोहे, एका हातात लेकीची वेणी, दुसऱ्या हातात कंगवा, खाली शाळेच्या व्हॅनचा हॉर्न. आणि नेमकं तेव्हाच, "आई, डोकं दुखतंय."

तुमच्या घरी यावर काय उत्तर मिळतं? आमच्या घरी मिळालं ते असं, "कालचा गृहपाठ राहिलाय ना? मग दुखणारच." हे मीच बोलले. तिनं नाक ओढलं, दप्तर उचललं आणि काही न बोलता जिना उतरली.

साडेदहाला शाळेतून फोन. उलटी झालीय, रडतेय, घेऊन जा. ऑफिसात साहेबांसमोर तोंड बारीक करून हाफ डे टाकला, रिक्षा पकडली. परतताना मी रस्ताभर एकच विचारत होते, "बाहेरचं काय खाल्लंस?" ती डोळ्यांवर तळहात दाबून गप्प बसलेली. घरी येऊन पडदे ओढून झोपली. दोन तासांनी उठली आणि म्हणाली, "भूक लागली. सकाळचे पोहे आहेत?" पाच वाजता खाली सायकल फिरवत होती.

आता अगदी खरं सांगा, तुमच्या मनात काय आलं असतं? माझ्याही मनात तेच आलं. शाळा बुडवायची होती, बुडवली.

वाईट याचं वाटतं की हे दुखणं मला नवीन नव्हतं. माझ्या आईला अर्धशिशी होती. ती कपाळाला फडकं आवळून, सुंठेचा लेप लावून आतल्या खोलीत पडून राहायची आणि आम्ही भावंडं चवड्यांवर चालायचो. मलाही महिन्यातून एकदा होते. माझं डोकं दुखायला लागलं की घरात टीव्हीचा आवाज कमी होतो. पण नऊ वर्षांच्या पोरीनं तीच तक्रार केली, तेव्हा मला गृहपाठ आठवला!

शेवटी तिला डॉक्टरांकडे नेलं. आमचे बालरोगतज्ज्ञ शांत माणूस. त्यांनी लेकीला विचारलं, "दुखतं तेव्हा उजेड नकोसा होतो का?" तिनं मान हलवली. मला विचारलं, "झोपून उठली की ठणठणीत?" मी म्हटलं, "हो, तेच तर! म्हणून मला वाटलं, नाटक." ते हसले नाहीत. म्हणाले, "मुलांची अर्धशिशी अशीच असते."

मुलांच्या बाबतीत अर्धशिशी हे नावच आपल्याला फसवतं, हे मला त्या दिवशी कळलं. मोठ्यांचं बहुतेक वेळा अर्धं डोकं ठणकतं, मुलांचं मात्र बरेचदा सगळं कपाळ. मोठ्यांना दिवसभर छळणारं दुखणं मुलांत दोन-तीन तासांतही आवरतं. मळमळ, उलटी बरेचदा असते. एक झोप झाली की पोर खेळायला मोकळं. म्हणजे ज्या गोष्टीवरून आपण "नाटक" म्हणतो, ती या दुखण्याची खूणच असते.

मग त्यांनी तिच्या नाकाकडे बोट दाखवलं. नाकाच्या शेंड्याच्या जरा वर एक आडवी, पुसट रेघ होती. दर वर्षी पावसाळा सरता सरता आमच्याकडे सकाळी शिंकांची माळ लागते, एकापाठोपाठ दहा-बारा. नाक खाजलं की ती तळहातानं खालून वर घासते. आम्ही कौतुकानं म्हणायचो, "आली बघा सॅल्यूट ठोकत." डॉक्टरही त्याला अॅलर्जीचा सॅल्यूटच म्हणतात, आणि रेघ त्या घासण्यानंच पडते. डोळ्यांखालची काळी वर्तुळंही तुंबलेल्या नाकाची असू शकतात. मी ती मोबाइलच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते.

नाकासाठी एक औषध, डोक्यासाठी बाम आणि पोटासाठी ओवा, अशी आमची तीन वेगळी खाती होती. डॉक्टरांनी ती एकत्र मांडून दाखवली. नाक तुंबलं की मूल रात्रभर तोंडानं श्वास घेतं, कूस बदलत राहतं, झोप पुरी होत नाही. शिवाय नाक, डोळे, कपाळ या सगळ्यांच्या संवेदना मेंदूकडे नेणारी चेहऱ्याची मोठी नस एकच आहे. नाकातली जळजळ तिला आधीच डिवचत असते. ज्या मुलाच्या घराण्यातच अर्धशिशी आहे, त्याला एवढं निमित्त पुरतं. त्यात घाईत न खाल्लेला नाश्ता आणि मैदानावरचं ऊन, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

उलटंही घडतं, हेही त्यांनी सांगितलं. अर्धशिशीच्या वेळी नाक वाहू शकतं, डोळ्यांत पाणी येऊ शकतं. मग आपण म्हणतो, "सायनस आहे," आणि वाफ देत बसतो. म्हणून नुसत्या नाकावरून निदान घरी करू नये. मी कित्येक महिने तेच करत होते.

घरी आल्यावर मी भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवलं. त्यात दुधाचा हिशेब होता, गॅस सिलिंडरची तारीख होती, भिशीची पाळी होती. लेकीच्या डोक्याची नोंद कुठेच नव्हती. मग माझी टिकल्यांची पाकिटं काढली. नाक वाहिलं त्या दिवशी निळी टिकली, डोकं दुखलं त्या दिवशी लाल. चिकटवायची तिनंच. खाली मी दोन शब्द लिहायचे: किती वाजता, आधी काय खाल्लं, झोप कशी झाली.

दोन महिन्यांत चित्र दिसायला लागलं. लाल टिकली बहुतेक वेळा दोन-तीन निळ्यांच्या पाठोपाठ यायची. आणि निळ्यांचे तर घोळकेच होते. एक घोळका नवरात्राच्या आधीच्या आवराआवरीचा. माळ्यावरचं सामान काढलं, वर्षभर ट्रंकेत कोंबलेल्या गोधड्या झटकल्या, आणि ती हौसेनं मदतीला होती. दुसरा, मागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत पांढरं फुललं तेव्हाचा. तिसरा दिवाळीतल्या फटाक्यांच्या धुराचा.

त्या गाजरगवताचं आणि आम्हा पुणेकरांचं नातं जुनं आहे. भारतात ते पसरत असल्याचं पहिल्यांदा पुण्यातच लक्षात आलं, १९५५ च्या सुमारास. काँग्रेस गवत म्हणून आता ते देशभर माहीत आहे. त्याच्या परागांनी शिंका येतात आणि नुसत्या हातांनी उपटलं तर कातडीवर पुरळही उठतं. सोसायटीच्या श्रमदानात मुलांना ते उपटायला लावू नका. मोठ्यांनीही हातमोजे घालून, फुलायच्या आधीच उपटावं.

आमच्याकडे जे बदललं ते फार मोठं नाही. खाली खेळून आली की हात-तोंड धुऊन कपडे बदलायचे. उशांचे अभ्रे, चादरी आठवड्याला कडक गरम पाण्यात, कारण अंथरुणातले डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे कोमट पाण्याला दाद देत नाहीत. केर काढायच्या आधी ओलं फडकं. माळा आवरायचा तो ती शाळेत असताना. बाथरूमच्या भिंतीवरची काळी बुरशी मी वर्षभर "बघू नंतर" म्हणत होते, ती एका रविवारी घासून काढली.

धूप-उदबत्तीचा प्रश्न मात्र नाजूक होता. सासूबाईंची संध्याकाळची उदबत्ती चुकत नाही आणि उग्र वासानं लेकीचं कपाळ धरतं. सुनेनं बोलायचं कसं? मी बोललेच नाही. टिकल्यांचं पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि नातीला सांगू दिलं. दुसऱ्या दिवशीपासून समईपुढे नुसतं फूल. "देवाला चालतं," एवढंच त्या म्हणाल्या.

आता औषधांविषयी, कारण घोळ सगळ्यात जास्त आपण तिथे घालतो. नाकाचा स्प्रे डॉक्टरांनी दिला होता, मी चार दिवसांत बंद केला, "काही फरक नाही" म्हणून. अॅलर्जीच्या स्प्रेला परिणाम दाखवायला काही दिवस लागतात आणि तो रोज घ्यावा लागतो, हे मी नीट ऐकलंच नव्हतं. मारायची पद्धतही चुकत होती. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे झुकवायची आणि नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला. नाक झटकन मोकळं करणारे थेंब वेगळे. ते थोडेच दिवस वापरायचे असतात, नाहीतर नाक उलट जास्त तुंबतं. अॅलर्जीच्या काही गोळ्यांनी झोप येते. मूल वर्गात पेंगत असेल तर बाईंच्या आधी डॉक्टरांना सांगा.

डोकेदुखीची गोळी आपण "बघू, थांबेल" म्हणत टाळतो आणि उलटी झाल्यावर देतो, मग ती बाहेरच पडते. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून दिलेली मात्रा दुखणं सुरू होताच द्यायची असते. अॅस्पिरिन मुलांना स्वतःच्या मनानं कधीही नाही. आणि गोळी आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस लागायला लागली तर डॉक्टरांना कळवायचं, कारण वेदनाशामकांच्या अतिवापरानंच डोकं दुखायला लागतं. वाफेच्या गरम पातेल्याचा हट्ट आम्ही सोडला. पोरांच्या अंगावर उकळतं पाणी सांडायला क्षण पुरतो.

काही खुणा मात्र टिकल्यांवर सोडायच्या नाहीत. दुखण्यानं मूल झोपेतून जागं होणं, पहाटे पहाटे उलट्या, चालताना तोल जाणं, नजरेत फरक, अचानक असह्य दुखणं, तापाबरोबर मान ताठ होणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, दिवसेंदिवस वाढत जाणं. अशा वेळी कॅलेंडर नाही, रिक्षा.

सगळ्यात अवघड गेलं ते सकाळचं खाणं आणि पाणी. साडेसहाच्या व्हॅनला नऊ वर्षांचं पोर किती खाणार? अर्धा कप दूध, तेही उभ्यानं. आता मी एक केळं नाहीतर गूळ-पोळीची सुरळी हातात देते, व्हॅनमध्ये खायला. पाण्याची बाटली मात्र भरलेलीच परत यायची. रोज ओरडले. मग एका रात्री तिनं अंधारात सांगितलं, "शाळेतलं बाथरूम घाण असतं, म्हणून मी पाणीच पीत नाही." कारण इतकं साधं होतं आणि मी दोन वर्षं ओरडत होते. त्यानंतर आम्ही चार आया मिळून शाळेत जाऊन बोललो.

त्याच अंधारात आणखीही निघालं. वर्गातली मुलं तिला "शेंबडी" म्हणतात. म्हणून ती रुमाल काढत नाही, नाक ओढत राहते. लेझीमच्या पथकातून डोकेदुखीमुळे दोनदा बाहेर बसावं लागलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "नेहमीचंच आहे हिचं." आणि मग ते, जे ऐकून मी कूस बदलून पडले, "माझ्यामुळे तुझी सुट्टी जाते ना? म्हणून मी कधीकधी सांगतच नाही."

आपल्याला वाटतं, मुलं दुखणं वाढवून सांगतात. माझी लपवत होती.

मी कुणाला दोष देत नाही, स्वतःलाही फार दिला नाही. आपण वाईट आईबाप नाही, दमलेले आहोत. सकाळी साडेसहाला मुलाचं दुखणं आपल्याला अडचण वाटतं, कारण त्या क्षणी सगळी गणितं कोलमडणार असतात. रजा, डबा, मीटिंग, परीक्षा. शिवाय आत कुठेतरी भीती असते, हिलाही माझंच दुखणं आलं की काय. "काही नाही, चल," असं म्हणताना आपण खरं तर आपल्या भीतीलाच गप्प करत असतो.

वर्गशिक्षिकेला मी दोन ओळींची चिठ्ठी दिली: डोकं दुखलं तर अर्धा तास अंधाऱ्या, शांत खोलीत पडू द्यावं, पाणी द्यावं, नाही थांबलं तर फोन करावा. बाईंना बरंच वाटलं. त्यांनाही कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

डोकेदुखी गेली का? नाही. गेल्या ऑक्टोबरात चार लाल टिकल्या लागल्या. पण शाळा एकच दिवस बुडाली, आणि एकदा तिनं स्वतःच येऊन सांगितलं, "आई, आत्ता सुरू होतंय, गोळी दे." दुखणं लवकर सांगितलं म्हणून औषध लवकर लागू पडलं. आणि तिनं लवकर सांगितलं ते मी आता उलटतपासणी घेत नाही म्हणून.

तेव्हा पुढच्या वेळी हॉर्न वाजत असताना "डोकं दुखतंय" ऐकू आलं, तर "खरंच?" विचारू नका. "कुठे दुखतंय?" विचारा. व्हॅन दोन मिनिटं थांबते. आणि आज रात्री कॅलेंडरवर थोडी जागा करा. दुधाचा हिशेब मोबाइलमध्येही ठेवता येतो.